वस्तीवरील सेन्सरचा दिवा

मळ्यातील वस्ती गावठाणापासून दूर असते व तेथील रात्रीच्या उजेडाचा प्रश्नही गावठाणाहून निराळा असतो. गोठ्यातील जनावरे, पडवीत रचलेली धान्याची पोती, विहिरीवरील मोटार आणि तिची केबल या सर्वांची राखण व्हावी म्हणून पुष्कळ शेतकरी अंगणात रात्रभर एक प्रखर दिवा जळत ठेवतात. अलीकडे त्याऐवजी, हालचाल होताच आपोआप लागणारा व थोड्या वेळाने विझणारा सेन्सरचा दिवा तालुक्याच्या बाजारात सहज मिळू लागला आहे. हा बदल इष्ट होय. मात्र ज्या कारणासाठी हा दिवा विकला जातो, त्याहून निराळ्या कारणासाठी तो घेतला जावा.

विक्रेता चोराची भीती दाखवितो. अंधारातून अकस्मात उजेड पडला की चोर बिचकतो, हे खरे. परंतु वस्तीवर चोर वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी येतो, किंवा येतही नाही. घरातील बाई मात्र दररोज पहाटे अंधारातच धारेसाठी गोठ्यात जाते, आणि विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे घरधन्यास मध्यरात्री विहिरीकडे निघावे लागते. सन २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतील असून निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील आहेत. तेव्हा वस्तीवरचा पहिला दिवा फाटकावर न लावता घराच्या दारापासून गोठ्याकडे व शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर लावावा, हेच शहाणपणाचे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. हा दिवा सापाची चाहूल देत नाही. त्यातील सेन्सर शरीरातून निघणारी उष्णता व तिची हालचाल टिपतो. माणूस, बैल, कुत्रा यांचे अंग भोवतालापेक्षा ऊन असते, म्हणून ते त्यास कळतात. सापाचे अंग मात्र जमिनीइतकेच गार वा उष्ण असते. दिवा लागतो तो चालणाऱ्या माणसामुळे, आणि वाटेवरचा साप त्या उजेडात माणसानेच पाहावयाचा असतो. सबब पायात बूट व हातात काठी ही जुनी सवय या दिव्यामुळे सोडता कामा नये. ऐन उन्हाळ्यात भिंती व पत्रे रात्रीपर्यंत तापलेले राहतात, तेव्हा अंगाची उष्णता वेगळी ओळखू न आल्याने सेन्सरचा पल्ला कमी होतो, हेही ध्यानात असावे.

रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे तोटे शेतकऱ्यांनी पुरेसे ओळखलेले नाहीत. उजेडावर किडे जमतात, किड्यांमागे बेडूक व पाली येतात, आणि त्यांच्या मागावर साप अंगणापर्यंत येऊ शकतो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात व उजेडाकडे धाव घेतात. खाली साबणाचे वा रॉकेलमिश्रित पाणी ठेवलेला सापळा असेल तर ते मरतात. नुसत्या दिव्याने मात्र ते आपल्याच शेताजवळ गोळा होतात. सोयाबीनसारख्या पिकास फुलावर येण्यास लांब रात्र लागते. रस्त्यावरील दिव्यालगतचे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेगार उभे असते, हे अनेकांनी पाहिले असेल. शेवंतीचे बागायतदार फुले लांबविण्यासाठी मुद्दाम दिवे लावतात. तोच परिणाम सोयाबीनवर नकळत ओढवून घेण्यात काय अर्थ?

विजेचा हिशेबही सोपा आहे. १० वॅटचा दिवा १२ तास जळला तर महिन्यास साडेतीन युनिटांहून अधिक वीज लागते. तोच दिवा रात्री वीस वेळा दोन-दोन मिनिटे लागला तर महिन्यास पाव युनिटही पुरे होते. रक्कम मोठी नाही. परंतु सौर दिव्याच्या बाबतीत हीच बचत निर्णायक ठरते, कारण आषाढातील ढगाळ आठवड्यात रात्रभर जळणारा दिवा पहाटेपूर्वीच मान टाकतो, आणि धारेची वेळ तर पहाटेचीच.

दिवा भिंतीवर ७ ते ८ फूट उंचीवर बसवावा. सेन्सरकडे सरळ चालत येणाऱ्यापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाणारा लवकर टिपला जातो. म्हणून वाटेच्या टोकाशी न लावता तो बाजूस लावणे बरे. तोंड खाली झुकलेले असावे, नाहीतर उजेड डोळ्यांत जाऊन पायाखालचे काहीच दिसत नाही. समोर डोलणारी केळ वा एरंड असल्यास दिवा विनाकारण लागत राहतो. विजेवरचा दिवा असेल तर अर्थिंग व पावसापासून बंदिस्त जोड यांत काटकसर करू नये.

जुन्नरसारख्या उसाच्या भागात बिबट्यासाठीही हे दिवे घेतले जातात. त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. बिबट्याला उजेडाची सवय होते. शेळ्या वाचतात त्या चारी बाजूंनी व वरूनही बंद असलेल्या गोठ्यामुळे. पैसा एकाच कामापुरता असेल तर आधी जाळी व दार करावे, दिवा मागाहून आणावा.

मोबाइलवर खबर देणारे महागडे दिवेही निघाले आहेत. जेथे शिवारात रेंज मिळत नाही तेथे त्यांचा उपयोग शून्य, आणि जेथे मिळते तेथेही कुत्र्या-मांजरांच्या खबरांना कंटाळून घरधनी आठवड्यात ती सोय बंद करतो. साधा दिवा पुरेसा आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी वस्तीवर दिवा बसविताना दिवसा पाहून परत फिरू नये. अंधार पडल्यावर घरातील बाईस दारापासून गोठ्यापर्यंत चालावयास सांगावे व दिवा कोणत्या पावलावर लागतो ते पाहावे. चार पावले अंधारात गेली तर दिव्याची जागा बदलावी, आणि सौर पट्टीवरची धूळ दर पंधरवड्यास पुसण्याचे काम त्याच वेळी घरातील एखाद्या मुलाकडे सोपवून यावे.