मर्दुमकीचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात संत एकनाथांचं मंदिर आहे, जोतिबा-सावित्रीबाईंचे पुतळे आहेत आणि सरस्वती भुवनही आहे. त्यामुळे धर्माचा विषय निघाला की इथे चहा गार होतो, पण वाद संपत नाही. ख्रिस्ती पुरुषांबद्दल मात्र वाद होतच नाही. निकालच ऐकू येतात. एक म्हणतो, गालावर मारणाऱ्याला दुसरा गाल देणाऱ्यांच्या धर्मात शौर्य कुठलं? दुसरा म्हणतो, हे सगळे लालचेपायी बाटलेले. आणि तिसरा निकाल खुद्द काही ख्रिस्ती व्यासपीठांवरून येतो: पुरुषाने योद्धा व्हावं, घरात त्याचाच शब्द चालावा. हे तिन्ही निकाल तपासून पाहू.

शौर्याचा दाखला शोधायला फार लांब जायला नको. जालना इथून साठेक किलोमीटर. मुंबईत शिकलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता, पण वयाने अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला घरच्यांच्या ताब्यात दिलं. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, असं बाळशास्त्री जांभेकरांनी म्हटलं, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. ज्यांनी परतणाऱ्यालाही दार उघडायला इतकी खळखळ केली, त्यांनी न परतणाऱ्याचं काय केलं असेल, हे सांगायला नको. पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्याला आले, हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाचं गाव वसवलं. वस्ती बहुतेक मांग आणि महार कुटुंबांची. ज्या काळात सावलीचाही विटाळ होत असे, त्या काळात हा ब्राह्मण त्यांच्यात राहायला गेला. हात न उगारता सगळ्या गावगाड्याशी घेतलेलं हे वैर होतं. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे शेपूट घालणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी असा एक दिवस काढून पाहावा.

आता लालचेचा आरोप. दुष्काळात काही माणसं मिशनच्या दारी भाकरीसाठी आली, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. भुकेल्याने भाकरी मागितली तर लाज त्याची नव्हे; ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या त्यांची. पण ‘सगळेच’ म्हणणाऱ्याने कायदा वाचावा. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क वाचवणारा कायदा आला तो १८५० साली. म्हणजे नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडिलोपार्जित वाट्यावर पाणी सोडण्याचीच तयारी लागत होती. आणि आज? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. त्यात १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना जागा मिळाली. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेरच आहे. वस्तीतली वागणूक तीच, हातात दाखला मात्र नाही. हा जर लालचेचा सौदा असेल, तर इतका आतबट्ट्याचा सौदा कुठल्या मोंढ्यात झाला नसेल.

कवी नारायण वामन टिळकांबद्दलही ‘मिशनच्या पगाराचा माणूस’ असं बोललं गेलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, हे खरंच. पण १९१७ साली त्याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. येशूकडे साहेबाच्या ओसरीवरून न जाता ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने जावं, हा त्यांचा आग्रह होता. पन्नाशी उलटल्यावर ठरलेला पगार सोडायला निष्ठा लागते. १९१९ साली ते गेले.

तिसरा निकाल घरातला आहे, म्हणून त्याच्याशी जास्त कडक वागायला हवं. पुरुषाचा त्याग आपण मोठ्या तोंडाने सांगतो, पण त्याचं बिल पुष्कळदा बायकोच्या नावावर फाटतं. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि वनवास आला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. कित्येक वर्षं नवरा एकीकडे आणि ही बाई सोवळ्या नातेवाइकांत दुसरीकडे. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांचा मोठेपणा दिसतो, तसा त्यांचा तापटपणा आणि बेभरवशाचा संसारही दिसतो. हे झाकून त्यांना योद्धा ठरवणारे त्यांचा आणि लक्ष्मीबाईंचाही अपमान करतात. टिळकांचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांनी पत्नीला लिहायला-वाचायला लावलं. १९०० साली ती ख्रिस्ती झाली ती स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तिनेच पूर्ण केलं. ज्या घरात पुरुषाचाच शब्द शेवटचा असतो, त्या घरात असं घडत नाही. ज्या प्रभूच्या नावाने हे ‘योद्धे’ गर्जतात, त्याने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते.

मग ख्रिस्ती पुरुषाचं धैर्य ओळखायचं कशावरून? किंमत कोणी मोजली, यावरून. आपल्या विश्वासाची किंमत जो स्वतः मोजतो, ती बायकोपोरांवर किंवा शेजाऱ्यावर ढकलत नाही आणि जातीने खाली ढकललेल्याच्या पंगतीला बसतो, तो शूर. ही कसोटी या मातीला परकी नाही. नाथांना आणि जोतिबांना आपण याच मापाने मोजत आलो आहोत. म्हणून बाहेरच्यांना सांगणं एवढंच की माप सर्वांना एकच लावा. आणि मंडळीतल्या बंधूंना सांगणं असं: शौर्याची व्याख्यानं पुरे झाली. चर्चच्या दफनभूमीत आणि लग्नाच्या बोलणीत अजूनही जात विचारली जाते. तिथे उभं राहून ‘नाही’ म्हणा. मर्दुमकीची परीक्षा तिथे आहे.