नायडूंचे अकरा षटकार कुणाचे?

भारताचा पहिला कसोटी कर्णधार नागपूरचा होता, हे विदर्भातल्या किती मुलांना ठाऊक आहे? माझ्या वर्गातल्या मुलांना आयपीएलमधल्या प्रत्येक षटकारवीराचा भाव पाठ असतो. सी. के. नायडू हे नाव मात्र फळ्यावर लिहून सांगावे लागते.

३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातल्या एका तेलुगू वकील घराण्यात त्यांचा जन्म झाला. आमच्या पांढरकवड्यात हे काही नवलाचे नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. कापसाच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच दिवशी कानावर पडतात. तेलुगू घरातला नागपूरकर आम्हाला आपलाच वाटतो. प्रश्न पुढचा आहे. नायडू नावारूपाला आले ते ‘हिंदू’ नावाच्या संघातून. मग त्यांचे षटकार कुणाचे?

त्या काळी मुंबईत क्रिकेट धर्मावर बेतलेले होते. चौरंगी सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ उतरत. १९१६ साली नायडू हिंदू संघाकडून पहिल्यांदा खेळले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे तटवले आणि चौथा थेट सीमेपार भिरकावला, असे त्यांच्याबद्दल आजही सांगितले जाते. उंच, काटक देह, सरळ ताठ उभे राहणे आणि चेंडू हवेतून मारण्याची जराही भीती नसणे, ही त्यांची ओळख.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाशी खेळला. पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकार ठोकून १३० धावा केल्या होत्या. त्याला नायडूंनी बॅटनेच उत्तर दिले. दोन तासांच्या आत १५३ धावा, १३ चौकार आणि ११ षटकार. समोर मॉरिस टेट यांच्यासारखा इंग्लंडचा नामांकित गोलंदाज होता. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. राज्यकर्त्यांचा चेंडू आपल्यातला एक माणूस मैदानाबाहेर फेकतोय, हा आनंद ज्यांनी अनुभवला त्यांनी आधी त्या माणसाचा धर्म विचारला असेल, असे मला वाटत नाही. या दौऱ्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले.

२५ जून १९३२. लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराजा होते, पण त्या दिवशी त्यांनी बाजूला राहून नायडूंना पुढे केले. राजेरजवाड्यांच्या काळात राजघराण्याबाहेरचा माणूस देशाचा कर्णधार झाला. आजच्या मोजणीबहाद्दरांसाठी तो संघ मोजून दाखवतो. हिंदू चार : नायडू, नवले, नाओमल, अमरसिंग. मुस्लिम चार : वझीर अली, नझीर अली, जहांगीर खान, मोहम्मद निसार. पारशी दोन : कोला आणि पालिया. शीख एक : लालसिंग. निसार यांच्या वेगाने इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली, तेव्हा यातली कुठलीच मोजणी कामाची नव्हती. निसार यांनी त्या डावात पाच बळी घेतले. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही नायडूंनी पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक ४० धावा केल्या. सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण मुंबईत वेगवेगळ्या संघांतून एकमेकांविरुद्ध उभी राहणारी ही माणसे तिथे एकत्र लढली. त्या दौऱ्यात नायडूंनी ३२ षटकार मारले आणि १९३३ च्या ‘विस्डेन’ने त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत निवडले.

नायडूंची खरी कमाई मला मात्र इंदूरमध्ये दिसते. होळकरांनी त्यांना आपल्या फौजेत घेतले, म्हणून ते ‘कर्नल’. तिथे त्यांची नजर मुश्ताक अली नावाच्या एका पोरावर पडली. त्याला त्यांनी शिकवले, रागावले, पुढे आणले. त्याच मुश्ताक यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या बाजूला विजय मर्चंट होते आणि सलामीची भागीदारी २०३ धावांची झाली. मुंबईत नायडू ‘हिंदू’ आणि मुश्ताक ‘मुस्लिम’ संघात असत. इंदूरला ते उस्ताद आणि शागीर्द होते. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्ध मुश्ताक यांना वगळले, तेव्हा कलकत्त्याचे प्रेक्षक त्यांच्यासाठी रस्त्यावर आले आणि निवड समितीला माघार घ्यावी लागली. फाळणीनंतरही मुश्ताक इंदूरलाच राहिले.

काही जण म्हणतील, मग धर्मावर बेतलेल्या त्या सामन्यांत वाईट काय होते? खेळाडू तर प्रेमानेच वागत. खरे आहे. १९४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात मुश्ताक यांच्या मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका विकेटने हरवले, आणि दंगल झाली नाही. तरीही १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांना विरोध केला, तो मला योग्य वाटतो. चौकट एकदा आखली की माणूस आधी त्या चौकटीतून दिसतो. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून त्यांना ‘इतर’ नावाच्या संघातून खेळावे लागे. आपल्याच मुलखातल्या माणसाला ‘इतर’ म्हणणारी व्यवस्था प्रेमाने चालवली तरी चुकीचीच. १९४६ नंतर ती बंद झाली.

स्पर्धा बंद झाली, प्रश्न उरला. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मुस्लिम मुलाला “काल कुणाकडून होतास?” असे हसत विचारले जाते. विचारणाऱ्याला ती गंमत वाटते. ज्याला विचारले जाते, त्याच्यासाठी ती परीक्षा असते. तीही अशी, की शंभरपैकी शंभर मिळाले तरी पुढच्या सामन्याला पुन्हा द्यावी लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत आपण दहा गडी राखून हरलो, तेव्हा अकरा जणांत मोहम्मद शमीलाच गद्दार ठरवले गेले. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला. कर्णधाराचे काम तेच असते.

आपल्या समाजालाही एक सांगायचे आहे. संघ जाहीर झाला की “आपले किती?” असे आपणही मोजतो. निवडीत अन्याय झाला तर पुराव्यानिशी जरूर बोलावे. पण सिराजची विकेट ‘आपली’ आणि बुमराहची विकेट ‘त्यांची’ असे घरात बोलू लागलो, तर पंचरंगी सामन्यांच्या चौकटी आपणच पुन्हा आखतो. मग दुसऱ्यांनी त्या आखल्या म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

नायडू केवळ सात कसोटी खेळले, धावा ३५०. साठी ओलांडल्यावरही ते रणजी सामन्यात उतरले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाला आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. आकड्यांत न मावणारा हा माणूस आपल्या शेजारच्या शहरात जन्मला. पांढरकवड्याच्या मैदानावर सलीम आणि संतोष एकाच संघातून खेळतात, तेव्हा त्यांना नायडू आणि मुश्ताक ही दोन्ही नावे एकत्र सांगा. ते अकरा षटकार ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांचे होते. सलीमला त्या टाळ्यांसाठी कुणाची परवानगी लागत नाही.