आधी खरेदीखत, मग सवलत

आपले स्वतःचे घर असावे ही इच्छा थोरामोठ्यांपासून हमालापर्यंत सर्वांस सारखीच असते, आणि ती पुरी होण्यास सरकारने हात द्यावा हेही योग्यच आहे. परंतु तो हात ज्याच्यासाठी पुढे केला त्याच्यापर्यंत खरोखर पोहोचतो की नाही, हे तपासून पाहणे नागरिकांचे कर्तव्य आहे. नांदेड शहर आणि गोदावरीच्या दक्षिणेस वाढत चाललेला विष्णुपुरीचा भाग यांकडे या दृष्टीने पाहता आम्हांस असे खेदाने म्हणावे लागते की, घरखरेदीच्या सवलतींचा हा पाट गरजवंताच्या शेताला वळसा घालूनच वाहत आहे.

विष्णुपुरीचे महत्त्व आज कोणास सांगावयास नको. येथील जलाशयाच्या पाण्यावर नांदेडकरांची तहान भागते. १९८१ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही येथेच आहे. एवढ्या संस्था जेथे, तेथे नोकरदार, विद्यार्थी, खाणावळवाले, औषधविक्रेते यांची वस्ती होणारच. लातूर रस्त्याच्या दोन्ही अंगांस काल जेथे ज्वारी डोलत होती तेथे आज प्लॉटांचे दगड रोवले जात आहेत. ही वाढ अनिष्ट नव्हे. ती कोणत्या रीतीने होते, हा प्रश्न आहे.

आता सवलतींचा हिशेब पाहू. सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेर राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी उतरविले आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत ती सूट २ टक्के ठेवली. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास १ टक्का सूट मिळू लागली. असे घर पंधरा वर्षे पुरुषास विकू नये ही त्यातील जाचक अटही २०२३ साली निघाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेत ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज काढणारास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसाहाय्य आहे. ते पाच वार्षिक हप्त्यांत, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत मिळते. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरिबासही निराळे अनुदान आहे. हेतू सगळे उत्तम आहेत.

पण हे सर्व माप मुंबई-पुण्याच्या फ्लॅटाचे आहे. आमच्याकडील सामान्य माणूस तयार घर क्वचितच घेतो. चार पैसे गाठीस जमले की तो आधी गुंठा-दीड गुंठा जागा घेतो, काही वर्षांनी दोन खोल्या उभ्या करतो, मुलीचे लग्न उरकले म्हणजे गिलावा करतो आणि मुलगा कमावता झाल्यावर वरचा मजला चढवितो. मोकळ्या प्लॉटास स्त्रियांची ती सूट लागू नाही. शिवाय त्याला परवडणारी जागा बहुधा अकृषिक न झालेली, मंजूर रेखांकनाविना पाडलेली असते. तिचे खरेदीखत होत नाही, म्हणून व्यवहार ‘बाँडवर’ होतो. म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर मजकूर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन पैसे मोजून दिले जातात. सातबारा मात्र मूळ मालकाच्याच नावे राहतो.

या एका कागदापायी पुढची सर्व दारे बंद होतात. खरेदीखत नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून व्याजसाहाय्य नाही. जागा आपली असल्याचा पुरावा नाही म्हणून अनुदान नाही. पत्नीचे नाव लावावयाचे तर ते लावणार कशावर? मूळ मालक वारला म्हणजे त्याचे वारस हात वर करतात आणि एकच प्लॉट दोघांस विकल्याचे उघडकीस येते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला मोजून विकलेला असतो. गोदेस पूर येऊन धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे निळी पूररेषा कोठून जाते ते अशा घरधन्यास आपल्या उंबऱ्यावर कळते. ज्याने आयुष्याची कमाई ओतली त्याच्या वाट्यास सवलतीची दमडी नाही, आणि ज्याला बँक आपण होऊन कर्ज देण्यास तयार आहे त्यासच वर व्याजाची भेट, हा न्याय उफराटा होय.

कोणी म्हणेल की, कायदा मोडणारास सवलत कशाची? आक्षेप वजनदार आहे, परंतु अपुरा आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून झाला. शहरालगतच्या शेताची वस्ती झाल्यावर त्याने तुकडे थांबले नाहीत, फक्त खरेदीखते थांबली. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांकरिता वाढवावी लागली, आणि २०२५ साली नागरी भागांतील तुकड्यांचे जुने व्यवहार शुल्काविना नियमित करण्याची वाट सरकारने मोकळी केली. वारंवार माफी द्यावी लागते याचाच अर्थ असा की, गरिबास परवडेल अशी कायदेशीर जागा वेळेवर मिळत नाही.

शिवाय नुसत्या सवलतीने घर स्वस्त होतेच असे नाही. इंग्लंडात २०१३ पासून २०२३ पर्यंत खरेदीदारास सरकारी कर्ज देण्याची योजना चालली. तेथील उमरावांच्या सभेच्या समितीने २०२२ साली असा निष्कर्ष काढला की, जेथे घरांची मागणी मोठी तेथे या योजनेने किमती अनुदानाहूनही अधिक फुगविल्या. जागा तेवढीच आणि गिऱ्हाइकाच्या हाती पैसा अधिक, तर भाव कोण उतरवील? हे आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

तर मग करावे काय? उत्तर शोधण्यास दूर जाणे नको. सिडकोने याच तीरावर नवीन नांदेड वसविले, तेव्हा आराखडा आधी व वस्ती मागून हा क्रम ठेवला होता. त्याच क्रमाने शहराच्या वेशीवर रस्ता, नाली व नळ यांची आखणी करून लहान प्लॉट रीतसर विकले जावेत. तलाठी, भूमापन व निबंधक या तिन्ही खात्यांनी वस्तीवस्तीत एकत्र बसून जुने बाँड तपासावेत व नियमित होण्याजोग्यांची खरेदीखते करून द्यावीत. मंजूर रेखांकनांची व पूररेषेची यादी ग्रामपंचायतीच्या दारावर मराठीत लावावी. आणि स्त्रियांची सूट प्लॉटासही लागू करावी.

आमच्या व्यापारी बंधूंस शेवटी एकच सांगणे आहे. नांदेडच्या बाजारात तोंडच्या शब्दावर लाखांची उलाढाल होते, ही आपली अब्रू आहे. तीच अब्रू जागेच्या व्यवहारात पणास लावू नका. अकृषिक न झालेली जमीन बाँडवर विकून मिळणारा नफा म्हणजे दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या डोक्यावरचे छप्पर गहाण ठेवून काढलेले कर्ज होय. सरकारने सवलती अवश्य द्याव्यात, पण घराचा पहिला पाया कागदाचा असतो. तो भरल्यावाचून वरचे सर्व बांधकाम वाळूवरच उभे राहणार.