टिपणांचे नाते आणि निबंधाची सिद्धता

मराठीतील अनेक शोधप्रबंध टिपणांनी भरगच्च असतात, परंतु त्या टिपणांचा परस्परांशी संबंध क्वचितच जुळलेला दिसतो. ग्रंथ संपला की वही संपते आणि वह्यांच्याच क्रमाने प्रकरणे लिहिली जातात. परिणामी निबंधास उताऱ्यांच्या संग्रहाचे रूप येते.

सुट्या चिठ्ठ्यांची पद्धती महाराष्ट्रास नवी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे १ कोटी चिठ्ठ्या सिद्ध झाल्या. मात्र कोशात चिठ्ठीचे स्थान वर्णक्रमाने आधीच ठरलेले असते. निबंधलेखकास आपला क्रम शोधावा लागतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमन (१९२७-१९९८) यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांना क्रमांक देऊन एकीवर दुसरीचा निर्देश केला, तो याच शोधासाठी.

वाशीमचेच उदाहरण घ्यावे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला, झाला असे सांगितले आहे. ही पहिली चिठ्ठी. वत्सगुल्मचा वाकाटक राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज केवळ उत्तरकालीन ग्रंथांतील अवतरणांवरून व उल्लेखांवरून ज्ञात आहे. ही दुसरी. १९३९ साली उजेडात आलेल्या ताम्रपटात दाता दुसरा विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा पुत्र असून, त्यातील वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. ही तिसरी.

वह्यांत या नोंदी काव्यशास्त्र, वाङ्मयेतिहास व पुराभिलेख अशा विखुरतात. दुसऱ्या चिठ्ठीवर ‘पाहा ३ : तोच सर्वसेन, येथेही प्राकृत’ एवढे लिहिताच प्रश्न उभा राहतो : या दरबारात काव्याची भाषा आणि शासनव्यवहाराची भाषा यांचे नाते काय होते? पहिलीकडे वळताच दुसरा प्रश्न येतो : काही शतकांनंतरही या नगरीची काव्यकीर्ती का टिकली? हे प्रश्न कोणत्याही एका नोंदीतून उतरवून घेता येत नाहीत. निबंधाचा आरंभ तेथूनच होतो.

नाती जोडण्याच्या भरात कल्पनाविलास बळावेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून एका चिठ्ठीवर एकच मुद्दा असावा, आधारग्रंथाचा पृष्ठांक असावा आणि अभ्यासकाचा तर्क निराळा नोंदवलेला असावा. नुसता क्रमांक पुरेसा नाही. संबंध का मानला, हे एका वाक्यात लिहिले पाहिजे. ते वाक्य सुचत नसेल तर तो संबंध सोडून द्यावा.

मार्गदर्शकांनी प्रकरणांचा आराखडा मागण्यापूर्वी अशा पन्नास चिठ्ठ्या मागाव्यात. विद्यार्थ्याने काय वाचले यापेक्षा त्याला काय दिसले, हे त्यांवरून कळेल.