प्रायश्चित्त कोणी करावयाचे?

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशाने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, असा शिरस्ता आहे. भोंगा वाजतो, कचेरीतील माणसे खुर्च्या मागे सारून उभी राहतात, पुन्हा भोंगा होतो आणि फायली पुढे सरकू लागतात. या दोन मिनिटांत नेमके काय करावयाचे असते? शोक म्हणावा, तर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कोणी शोक करीत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. जो अपराध आपण केला नाही, किंबहुना जो आपल्या जन्मापूर्वी घडला, त्याचे काही उत्तरदायित्व आपल्याकडे येते काय? आणि येत असेल, तर कोणत्या अर्थाने?

कायद्याने आपले काम केले. लाल किल्ल्यात खटला चालला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. शासनयंत्रणेच्या हलगर्जीची चौकशी १९६६ साली नेमलेल्या कपूर आयोगाने केली. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट झाला होता. त्यानंतर प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी आपल्याला असलेली माहिती मुंबईत बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या कानांवर घातली होती. तरीही मधले दहा दिवस वाया गेले. पहिले वर्तुळ गुन्हेगारांचे आणि दुसरे बेसावध अधिकाऱ्यांचे. येथे कायद्याची नजर संपते.

परंतु त्याबाहेर एक तिसरे वर्तुळ होते. गांधीजींच्या मृत्यूनंतर काही लोकांनी मिठाई वाटली, असे खुद्द सरदार पटेलांनी सप्टेंबर १९४८ मधील एका पत्रात नमूद केले आहे. ज्यांनी पेढा वाटला त्यांनी पिस्तूल झाडले नव्हते आणि ज्यांनी तो मुकाट्याने हातात घेतला त्यांनी तर काहीच केले नव्हते. तथापि हत्या ज्या हवेत शक्य झाली, ती हवा याच माणसांच्या श्वासोच्छ्वासाने बनली होती.

या तिसऱ्या वर्तुळाचे काय करावयाचे, या प्रश्नाला महाराष्ट्राने त्या फेब्रुवारीत दोन उत्तरे दिली. पहिले जमावाचे. मारेकरी ज्या जातीचा, ती जात अपराधी, असा हिशेब करून घरे आणि दुकाने पेटविण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. दुसरे उत्तर साने गुरुजींचे. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. वस्तुतः ‘माझा याच्याशी काय संबंध?’ असे विचारण्याचा अधिकार त्यांच्याइतका क्वचितच कोणाला असेल. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावले होते. असे असता मारेकरी आपल्या महाराष्ट्रातला निघाला, एवढे एकच कारण त्यांना पुरले.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांचे घर त्या आगीत गेले. सातारकडच्या त्या लहानशा गावात शेजारच्या मराठा कुटुंबाने आजीला व मुलांना रात्रभर आपल्या माजघरात ठेवले, म्हणून माझे वडील वाचले. ही कथा मी लहानपणापासून शंभरदा ऐकली. पुढे कॉलेजात असताना एकदा आजोबांना विचारले, ‘आदल्या दिवशी, बातमी आली तेव्हा, आपल्या आळीत काय झाले होते?’ ते बराच वेळ गप्प राहिले आणि उठून देवघरात गेले. आमच्या घरात इतिहास ३१ जानेवारीला सुरू होत असे. पुढे कूळकायद्यात जमीन गेली. तेही दुःख त्या आगीच्या दुःखात मिसळून टाकण्यात आले. वास्तविक आग हा अन्याय होता आणि कसणाऱ्याला जमीन मिळणे हा न्याय होता. आपले दुःख खरे असले म्हणून आपले मौन निर्दोष ठरत नाही, हे उमगायला मला अर्धे आयुष्य लागले.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक दृष्टांत सुचतो. १९०४ च्या कायद्यानुसार आपल्याकडे सहकारी पतसंस्था निघाल्या. त्यांतील ग्रामीण संस्थांचे तत्त्व सामान्यतः ‘अमर्यादित जबाबदारी’ हे होते. एका सभासदाचे कर्ज थकले आणि संस्था बुडाली, तर उरलेल्यांना स्वतःच्या मालमत्तेतून देणे चुकवावे लागे. त्यांना कोणी कर्जबुडवे म्हणत नसे. तरी देणे त्यांचेच होते, कारण सर्वांच्या एकत्रित पतीवर प्रत्येकाने कर्ज उचललेले असे. समाजाचे असेच आहे. ‘आमचे ज्ञानोबा, आमचे तुकोबा, आमचे फुले’ असे म्हणून आपण सामूहिक पतीवर आयुष्यभर उचल करतो. मग मारेकऱ्याचे नाव निघताच ‘तो एकटा माथेफिरू होता’ असे म्हणणे म्हणजे नफा वाटून घेऊन तोटा नाकारणे होय. अर्थात याच दृष्टांताने जमावाचाही निकाल लागतो. पेटते बोळे घेऊन आलेले लोक या देण्याचे सावकार नव्हते. अपराध जातीच्या नावावर चढविता येत नाही. ऋण मात्र ज्याचे त्याने आपण होऊन मान्य करावयाचे असते.

आमचे काही साथी म्हणतील, ही अध्यात्माची भाषा आपल्या पक्षाच्या पत्रात कशाला? आत्मशुद्धीच्या गोष्टी निघाल्या की सत्तेचे व संपत्तीचे प्रश्न बाजूला पडतात; आणि सर्वच जबाबदार म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली, नाझी राजवटीच्या पाडावानंतर, आपल्याच देशबांधवांपुढे हा गुंता सोडविला. फौजदारी, राजकीय, नैतिक आणि त्यापलीकडची आध्यात्मिक, अशा अपराधाच्या चार पातळ्या त्यांनी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीचे न्यायासन वेगळे सांगितले. आध्यात्मिक उत्तरदायित्व न्यायालयाची जागा घेत नाही. न्यायालयाचे काम संपते तेथे त्याचे सुरू होते. आणि ते माणसाला निष्क्रिय करीत नाही. एकवीस दिवसांनंतर गुरुजी गुहेत जाऊन बसले नाहीत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

हा विषय जुना झालेला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. पहिल्या वर्तुळाचा हिशेब असा रखडत, अपुरा का होईना, होत असतो. तिसऱ्या वर्तुळाचा हिशेब मागणारे न्यायालय नाही. तो आपल्या आळीत, आपल्या नातलगांच्या पंगतीत, आपल्याच शाखेच्या बैठकीत आपण मांडावयाचा आहे. कोणी हत्येचे समर्थन करू लागला की आपण विषय बदलतो की बोलतो, एवढाच तो हिशेब आहे.

येत्या ३० जानेवारीला भोंगा होईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी उभे राहावेच. परंतु त्या दोन मिनिटांत गांधीजींविषयी विचार करण्याऐवजी त्या संध्याकाळी आपल्या घरात काय बोलले गेले असेल, याचा विचार करावा. आणि घरात कोणी वडीलधारे हयात असतील, तर त्यांना विचारावे. आजोबांना मी दुसऱ्यांदा विचारले नाही. ते देणे अद्याप माझ्या नावावर आहे.