किनाऱ्याला मैदानाचा उन्हाळा सांगू नका



मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज हवामान विभाग दरवर्षी फेब्रुवारीअखेर जाहीर करतो. तो छापून येतो तेव्हा बातमीत विदर्भ असतो, मराठवाडा असतो, उत्तरेची मैदाने असतात. आमच्या वाट्याला ‘कोकण-गोवा’ हा एकच उपविभाग; डहाणूपासून थेट काणकोणपर्यंत नकाशाला एकच रंग. पालघर जिल्ह्यातल्या एडवणच्या वाडीत राबणाऱ्याने त्यातून काय घ्यायचे?

उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात 40 अंश, किनाऱ्यावर 37 अंश आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ, असा निकष आहे. एप्रिल-मेमध्ये आमचा पारा बहुधा 34-35 वर घुटमळतो, त्यामुळे कागदावर लाट येतच नाही. पण 34 अंशांना हवेत 65 टक्के आर्द्रता असली की अंगाला जाणवणारी उष्णता चाळिशी ओलांडते. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उष्माघाताने 14 माणसे दगावली, तेव्हाही पारा 38 च्या आसपासच होता. किनाऱ्यावर नुसत्या अंशांवर विसंबणे जिवावर बेतते.

त्याहून महत्त्वाचा वारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचा दिवस तोच ठरवतो. सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो. बाराच्या सुमारास खारा वारा सुटला की ऊन तिथेच आवरते. खाऱ्याला दोन-तीन वाजले की तापलेली कोरडी हवा दुपारभर हटत नाही आणि पारा एकाच दिवसात चार-पाच अंश चढतो. पानवेलीच्या कोवळ्या पानांच्या कडा अशा दिवशी करपतात, सुपारीएवढी कैरी झाडाखाली पडते. आदल्या रात्री कळले तर पहाटेच पाणी देता येते.

तोच कोरडा वारा कोळीवाड्यात मात्र हवाहवासा. वलांडीवरचा बोंबील त्यावर खडखडीत वाळतो. दमट वारा फिरून आभाळ भरले की माशाला ओल धरते, किडे पडतात, आणि सुकटीवर पावसाळा काढणाऱ्या बायकांची बेगमी जाते. 2025 च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने जिल्ह्याला झोडपले आणि 26 तारखेला मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला. 1 जूनच्या मासेमारीबंदीआधीचे सुकवणीचे शेवटचे दिवस असे हातचे जातात. एकाच गावात एकाला जो वारा मारतो तो दुसऱ्याला तारतो. मग ‘तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील’ या वाक्याने दोघांपैकी कोणाचे भागणार?

कोणी म्हणेल, तीन महिन्यांच्या अंदाजात रोजचा वारा कसा सांगणार? खरे आहे, नाहीच सांगता येत. म्हणूनच हंगामी अंदाजाच्या मथळ्यांपेक्षा पाच दिवसांच्या तालुकावार सल्ल्याला किंमत आहे. तो देणारी देशभरातली सुमारे 200 जिल्हा कृषी हवामान केंद्रे 2024 मध्ये बंद करण्यात आली. हा निर्णय चुकीचा होता आणि तो फिरवायला हवा.

किनाऱ्यासाठी वेगळा अंदाज द्या. त्यात कमाल तापमानाबरोबर आर्द्रता, मतलई किती वाजेपर्यंत टिकेल आणि पावसाची शक्यता, एवढे मराठीत असू द्या. तो ग्रामपंचायतीच्या आणि मच्छीमार सोसायटीच्या फलकावर संध्याकाळी लागला पाहिजे, कारण पहाटेचे पाणी आणि वलांडीवरचा मासा, दोन्हींचा निर्णय रात्रीच होतो.

— एक बागायतदार, एडवण (ता. जि. पालघर)