तांबडा दिवा विझवायचा, की दोष शोधायचा?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने साऱ्या संगणकजगताला हादरा देणारी गोष्ट उघडकीस आणली. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्याला खटकले होते. काही आठवड्यांपूर्वी ‘पोस्टग्रेस’च्या स्वयंचलित चाचण्यांत दिसलेली एक विचित्र तक्रारही त्याला आठवली. दोन्ही धागे जुळवत तो मुळाशी गेला, तेव्हा ‘एक्सझेड’ या मुक्तस्रोत प्रणालीत हेतुपुरस्सर ठेवलेला चोरदरवाजा सापडला.

हा चोरदरवाजा दडवला होता कुठे? चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना-फाइलींत! पहारेकऱ्याच्याच चौकीत चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार. ‘जिया टॅन’ असे नाव धारण करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ सहकार्याचा आव आणून, एकट्याने भार वाहणाऱ्या एका स्वयंसेवकाचा विश्वास संपादन केला होता. ५.६.० या आवृत्तीवर तपासणीची साधने कुरकुर करू लागली, तेव्हा ५.६.१ मध्ये ती कुरकुर बंद पाडण्याचीच तजवीज झाली. ‘डेबियन’ आणि ‘फेडोरा’च्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत हे विष पोहोचले होते. स्थिर आवृत्त्यांत शिरण्यापूर्वी ते पकडले गेले, ते एका माणसाने कुरकुरीकडे कानाडोळा केला नाही म्हणून.

मुक्तस्रोत प्रकल्पांची रीत अशी. कोणीही बदल सुचवावा. यंत्र सारी प्रणाली नव्याने बांधते, शेकडो चाचण्या चालवते आणि तांबडा किंवा हिरवा कौल देते. तांबडा कौल आला की मार्ग तीन. कोडमधील दोष दुरुस्त करावा. चाचणीच चुकीची असेल तर ती सुधारावी. अथवा चाचणी बंद करून हिरवा दिवा पाहून समाधान मानावे. तिसरा मार्ग सोपा, म्हणूनच घातक. काही चाचण्या तर कोडमध्ये बदल नसतानाही कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होतात. कारण घड्याळात असते, नेटवर्कमध्ये असते किंवा चाचण्यांच्या क्रमात असते. अशा वेळी ‘पुन्हा चालवून पाहा’ हा मंत्र रूढ होतो. हळूहळू सर्वांची नजर तांबड्या रंगाला सरावते आणि खरे संकट आले तरी कोणी मान वर करीत नाही.

दोष शोधण्याचे काम चिकाटीचे असले तरी अशक्य नव्हे. एक हजार बदलांपैकी नेमका कोणता बाधला, हे मधोमध तोडत गेल्यास दहा तपासण्यांत कळते. हवी असते ती दहाव्या तपासणीपर्यंत बसून राहण्याची तयारी.

आता आपल्या घरात डोकावू. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली ‘डेबियन’च्या पायावर उभी आहे. हे निश्चितच अभिमानास्पद होय. परंतु पाया सामाईक असेल, तर त्याच्या डागडुजीत आपला वाटा किती, हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका उपक्रमात चार बदल सुचवणाऱ्यास टी-शर्ट मिळणार होता. त्यासाठी अनेक प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर लोटला आणि त्यात आपल्याकडील विद्यार्थ्यांचाही भरणा होता. संयोजकांना नियम बदलावे लागले. ही नामुष्की विसरण्यासारखी नाही. बुद्धी होती, संख्या होती. उणीव होती ती व्रतस्थ वृत्तीची.

‘परक्यांच्या प्रकल्पात फुकट राबणे, ही कसली स्वदेशी?’ असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ज्या प्रणालीवर आपली शासकीय कार्यालये चालतात, ती परकी कशी? जे वापरतो ते अंतर्बाह्य जाणणे, बिघडले तर स्वहस्ते दुरुस्त करणे आणि ती दुरुस्ती सर्वांस देणे, हीच स्वावलंबनाची खरी कसोटी. दुसऱ्याच्या इमारतीवर आपली पाटी लावणे म्हणजे स्वदेशी नव्हे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून दिखाऊ प्रकल्पांऐवजी एखाद्या चालत्या मुक्तस्रोत प्रकल्पातील एक तरी बंद पडलेली चाचणी कारणासह दुरुस्त करून घ्यावी. त्याने नाव होणार नाही, सत्कारही होणार नाहीत. पण पायाच्या दगडाचे महत्त्व आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. कळस साऱ्यांना दिसतो. इमारत मात्र उभी असते ती न दिसणाऱ्या दगडांवर. तांबडा दिवा हा त्या पायाखालून आलेला हाकारा आहे. त्याला ओ देणारी माणसे आपल्या घरांतून निर्माण व्हावीत.